कप गावाचा, पोरं कुणाची?

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात स्विफ्ट करंट नावाचं एक शहर आहे. शहर ते कागदोपत्री. २०२१ च्या जनगणनेत डोकी भरली १६,७५०. आपल्याकडची तालुक्याची कितीतरी गावं याहून मोठी असतात. चहूबाजूंना गव्हाची सपाट शेतं, मधून जाणारा ट्रान्स-कॅनडा हायवे, सोबतीला रेल्वे, थोडंफार तेल आणि हिवाळ्यात उणे तीसपर्यंत उतरणारा पारा. या गावाची ज्युनियर आइस हॉकी टीम, स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज, वेस्टर्न हॉकी लीगमध्ये (डब्ल्यूएचएल) खेळते. त्याच लीगमध्ये कॅल्गरी, एडमंटन, व्हँकूव्हर आणि अमेरिकेतलं पोर्टलंड यांचेही संघ आहेत. गावातलं स्टेडियम जेमतेम तीन हजार प्रेक्षकांचं. ते भरलं की गावातला दर सहावा माणूस आत बसलाय, असं गणित होतं.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लबचा फुटबॉल सामना ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेड समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की पेठेच्या टीममधली बहुतेक पोरं सामना संपला की स्वतःच्या घरी जेवायला जातात. ब्रॉन्कोजची पोरं परक्या घरात जेवतात. माझा सगळा मुद्दा या फरकाशी येऊन थांबतो.

या टीमला कुणी शेठ मालक नाही. ती ना-नफा तत्त्वावर चालणारी, गावाच्या मालकीची संस्था आहे. संचालक मंडळ गावातल्याच लोकांचं, वर्षाला सर्वसाधारण सभा होते, तिथे ताळेबंद मांडला जातो आणि यंदा किती नफा, किती तोटा हे स्थानिक बातम्यांत छापून येतं. या लीगमध्ये अशी मालकी आणखी तीनच ठिकाणी आहे: मूस जॉ, प्रिन्स अल्बर्ट आणि लेथब्रिज. ज्युनियर हॉकीत मालकीचे जेवढे प्रकार आहेत त्यांत हा सगळ्यात चांगला, असं माझं मत आहे. असे संघ टिकले पाहिजेत. पण ‘टीम गावाची’ म्हणणाऱ्यांनी आजवर गावाची म्हणून तिकिटं मोजली, कर्ज मोजलं, कप मोजले. त्या टीमसाठी घर सोडून आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांची जबाबदारी मात्र कोचच्या हवाली केली आणि हात झटकले. ती किंमत कुणी भरली, हे ब्रॉन्कोजच्या इतिहासात स्वच्छ लिहिलेलं आहे.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. टीम १९६७ मध्ये उभी राहिली. पहिल्या काही वर्षांतच इथून टायगर विल्यम्स आणि ब्रायन ट्रॉटिए हे दोघं एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये, गेले. ट्रॉटिए तर दक्षिणेकडच्या व्हॅल मरी या खेड्यातला पोरगा. पुढे खेळाडू म्हणून त्यानं सहा वेळा एनएचएलचा स्टॅन्ली कप उचलला. १९७४ मध्ये टीम गावातून उठून आल्बर्टातल्या लेथब्रिज या मोठ्या शहरात गेली. लहान गावाच्या टीमचं हे नेहमीचंच मरण. पण बारा वर्षांनी, १९८६ मध्ये, स्विफ्ट करंटच्या लोकांनी खटपट करून ती परत आणली. गेलेली टीम परत आणणारी गावं फार नाहीत, त्यामुळे त्या वर्षीच्या शरद ऋतूत गावात काय वातावरण असेल याची कल्पना करता येते.

ही व्यवस्था चालते कशी, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मेजर ज्युनियर हॉकी सोळा ते वीस या वयोगटातली. आज पोरगं ज्या वर्षी पंधराचं होतं त्याच वर्षी लीगच्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव पुकारलं जातं. पोरगं संघ निवडत नाही, संघ पोरगं निवडतो. ड्राफ्ट नव्हता तेव्हाही संघ पोरांची नावं आपापल्या यादीत टाकून ठेवत आणि एकदा नाव यादीत गेलं की या लीगमध्ये खेळायचं तर त्याच संघातून. मग घरापासून शेकडो किलोमीटर लांबच्या गावात एखाद्या कुटुंबाकडे राहायचं. या कुटुंबाला तिकडे ‘बिलेट’ म्हणतात. बिलेट आई डबा देते, कपडे धुते, रात्री दोनला बस परतली की दार उघडते. सकाळी शाळा, दुपारी सराव, आणि हंगामात ६८ सामने. त्यातले निम्मे परगावी, म्हणजे बसमध्ये. ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स जॉर्जचा दौरा असला तर एका बाजूचं अंतर हजार किलोमीटरच्या वर.

किती बर्फावर उतरायचं, कितवी फळी खेळायची, कुणाला दुसऱ्या संघाच्या बदल्यात देऊन टाकायचं, एनएचएलच्या माणसाला कुणाबद्दल काय सांगायचं, हे सगळं ठरवणार कोच आणि जनरल मॅनेजर. स्विफ्ट करंटमध्ये १९८६ साली ही दोन्ही पदं एकाच माणसाकडे होती. त्याचं नाव ग्रॅहम जेम्स.

३० डिसेंबर १९८६. टीमला रिजायना पॅट्सविरुद्ध खेळायला पूर्वेकडे जायचं होतं, साधारण अडीचशे किलोमीटर. हवा वाईट होती, रस्त्यावर दिसत नाही असा काळा बर्फ. गावाबाहेर पडून काही मिनिटंच झाली होती. रेल्वेवरच्या पुलाजवळ बसचा ताबा सुटला, ती रस्ता सोडून उतारावर गेली, उडाली आणि कुशीवर आपटली. मागच्या बाजूला चार पोरं पत्ते खेळत बसली होती: ट्रेंट क्रेसे, स्कॉट क्रूगर, ख्रिस मँटिका आणि ब्रेंट रफ. सगळ्यात मोठा क्रेसे वीस वर्षांचा, सगळ्यात लहान रफ सोळाचा. चौघंही गेले. बाकीची पोरं फुटलेल्या काचांतून बाहेर आली. त्यांत जो सॅकिक होता, जो पुढे कोलोरॅडोचा कप्तान म्हणून दोनदा स्टॅन्ली कप जिंकणार होता. शेल्डन केनेडी होता. बॉब विल्की आणि पीटर सोबरलॅक होते.

टीमनं हंगाम पुढे चालू ठेवायचं ठरवलं. जर्सीवर चार पानांचं क्लोव्हर आलं, त्यात चौघांचे आकडे: ८, ९, ११, २२. टीम त्या वर्षी प्लेऑफमध्येही पोचली. लीगनं आपल्या सर्वोत्तम खेळाडूच्या करंडकाला ‘फोर ब्रॉन्कोज’ हे नाव दिलं, आणि १९८८ मध्ये तो करंडक सॅकिकलाच मिळाला. सांगायला सुंदर गोष्ट आहे, आणि ती तशीच सांगितली गेली. मात्र वाचलेल्या पोरांनी नंतर जे सांगितलं ते या सुंदर गोष्टीत बसत नाही. अपघातानंतर त्यांना कुणी मानसोपचारतज्ज्ञ भेटला नाही. बाहेरच्या माणसाची गरज नाही, आपलं आपण बघू, अशी जेम्सची भूमिका होती. सोळा-सतरा वर्षांच्या, डोळ्यांदेखत मित्र मेलेल्या पोरांनी आपलं आपण बघितलं, म्हणजे पुन्हा बसमध्ये चढून पुढचा सामना खेळला.

जेम्सला बाहेरचा माणूस का नको होता, हे गावाला कळायला दहा वर्षं लागली.

मधल्या काळात गावाला त्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी रात्र मिळाली. १९८८-८९ च्या हंगामात ब्रॉन्कोजनी ७२ पैकी ५५ सामने जिंकले. लीगच्या प्लेऑफमध्ये बारा सामने खेळले, बाराही जिंकले. मग सस्काटूनमध्ये मेमोरियल कप या ज्युनियर हॉकीतल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात यजमान सस्काटून ब्लेड्सला जादा वेळेत ४-३ नं हरवलं. टिम टिस्डेलनं गोल केला. अपघातातल्या स्कॉट क्रूगरचे दोन भाऊ, डॅरेन आणि ट्रेव्हर, त्या संघात होते. ज्या वर्षी टीम परत आली त्याच वर्षी चार पोरं गेली आणि अडीच वर्षांत अख्ख्या कॅनडाचा कप गावात आला. ‘द हॉकी न्यूज’ या साप्ताहिकानं १९८९ चा ‘मॅन ऑफ द इयर’ म्हणून ग्रॅहम जेम्सची निवड केली.

१९९६ मध्ये शेल्डन केनेडी पोलिसांकडे गेला. तेव्हा तो एनएचएलमध्ये खेळत होता. जेम्सनं त्याच्यावर तो चौदा वर्षांचा असल्यापासून लैंगिक अत्याचार केले होते आणि ते स्विफ्ट करंटच्या वर्षांतही चालू होते. २ जानेवारी १९९७ रोजी जेम्सनं दोन खेळाडूंवरचे साडेतीनशे अत्याचार कोर्टात कबूल केले. शिक्षा झाली साडेतीन वर्षांची. २००७ मध्ये त्याला रीतसर माफीही मिळाली. ही गोष्ट लोकांना कळली २०१० मध्ये, आणि मग माफीचा कायदा बदलला. पुढे थिओ फ्लूरी आणि टॉड होल्ट या त्याच्या आणखी दोन माजी खेळाडूंच्या तक्रारींवर त्याला पुन्हा दोन वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती पाच वर्षांवर गेली. २०१५ मध्ये स्विफ्ट करंटच्याच आणखी एका माजी खेळाडूच्या प्रकरणात त्यानं गुन्हा कबूल केला.

इथे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: एक नीच माणूस होता, तो गेला, टीमचा त्यात काय दोष? अशा युक्तिवादाचा मला कंटाळा आहे, पण तो करणारी माणसं लबाड नसतात, त्यामुळे उत्तर द्यायला हवं. नीच माणूस कुठेही असतो. त्याला पोरांच्या शाळेवर, झोपण्या-उठण्यावर, प्रवासावर आणि भविष्यावर एकहाती ताबा कुणी दिला, हा प्रश्न आहे. तो ताबा जेम्सनं चोरला नव्हता. तो पदाबरोबर मिळाला होता. त्याच्यावर देखरेख ठेवायचं काम ज्या संचालक मंडळाचं, ते मंडळ गावातलं, आणि गावाला तो कप जिंकून देत होता. केनेडीनं कुणाकडे जायचं होतं? बिलेट आईकडे? तिला टीमनं नेमलेलं. शाळेत? शाळा टीमच्या प्रेमात. आईबाप? ते मॅनिटोबात, आणि पोरगं एनएचएलला जाणार या आनंदात. केनेडीसारखाच त्रास भोगलेला फ्लूरी पुढे, एनएचएलचा तारा झाल्यावरही, जेम्सच्या कॅल्गरी हिटमेन या नव्या संघात पैसे घालून भागीदार झाला होता. ज्यानं छळलं त्याच्याच धंद्यात पैसे घालणारा माणूस मूर्ख नसतो. तो ताबा किती खोल असतो, याचा हा पुरावा आहे.

गावात कुजबुज होती, असं नंतर अनेकांनी सांगितलं. कुजबुजीवर माणसाला फाशी देता येत नाही, हे खरं. पण कुजबुज ऐकून एखादा बाहेरचा माणूस चौकशीला बसवता येतो. तसं झालं नाही आणि त्याचं कारण मला अपघातात दिसतं. चार पोरांच्या मरणानंतर टीम आणि गाव यांचं नातं असं झालं होतं, की टीमवर संशय घेणं म्हणजे मेलेल्या पोरांचा अपमान. त्या दुःखाच्या आडोशाला जेम्स निवांत बसला. गावानं हे मुद्दाम केलं, असं मी म्हणणार नाही. गाव मनापासून रडलं, मनापासून जेवू घातलं, मनापासून टाळ्या वाजवल्या. प्रेमात कसूर नव्हती. पण प्रेम ही काही देखरेखीची पद्धत नव्हे, आणि पोरांच्या बाबतीत तर अजिबातच नव्हे.

नंतर काहीच झालं नाही, असंही नाही. १९९७ मध्येच मेजर ज्युनियरची शिखर संस्था असलेल्या कॅनेडियन हॉकी लीगनं टोरँटोचे वकील गॉर्डन कर्क यांच्याकडून अहवाल मागवला. केनेडी १९९८ मध्ये पायाला चाकं लावून कॅनडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्केटिंग करत गेला, पुढे त्यानं ‘रिस्पेक्ट इन स्पोर्ट’ हा प्रशिक्षण कार्यक्रम उभा केला आणि आज लाखो कोच-पालकांना तो करावा लागतो. हे खरं काम आहे. पण २०२२ मध्ये हॉकी कॅनडा या देशाच्या हॉकी संघटनेच्या अधिकाऱ्यांना संसदेच्या समितीसमोर हिशेब द्यावा लागला, तेव्हा त्यातून एक बारीकशी गोष्ट बाहेर आली. पोरांच्या नोंदणी शुल्कातून भरल्या जाणाऱ्या एका निधीतून १९८९ पासून लैंगिक अत्याचारांच्या नऊ तडजोडींवर ७६ लाख डॉलर गेले होते, आणि त्यातले ६८ लाख एकट्या ग्रॅहम जेम्सच्या प्रकरणांशी संबंधित होते. म्हणजे हॅलिफॅक्सपासून व्हिक्टोरियापर्यंत ज्या आईबापांनी आपल्या सहा वर्षांच्या पोराचं नाव हॉकीत घातलं, त्यांनी न कळत या पापाचे हप्ते भरले. मराठी घरंही यातून सुटलेली नसणार. टोरँटो-कॅल्गरीकडे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांची पोरंही बर्फावर उतरतातच.

आता हम्बोल्ट. सस्कॅचवानमधलंच, सुमारे सहा हजार वस्तीचं गाव. त्यांच्या टीमचं नावही ब्रॉन्कोज, फक्त लीग एक पायरी खालची. ६ एप्रिल २०१८ रोजी त्यांची बस आणि एक मालट्रक आर्मलीजवळच्या चौकात धडकले. सोळा माणसं गेली, तेरा जखमी झाली. ट्रक चालवणारा भारतातून आलेला तरुण, कामाला लागून काही आठवडेच झालेले; थांबण्याच्या खुणेला तो थांबला नाही. त्यानं गुन्हा कबूल केला, आठ वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर मालट्रकच्या चालकांना सक्तीचं प्रशिक्षण आलं. लोकांनी दीड कोटी डॉलरवर निधी जमवला. घराघराच्या ओसरीवर हॉकी स्टिका उभ्या राहिल्या. त्या सगळ्या गर्दीत मला महत्त्वाची वाटली ती एक साधी भेट. काही दिवसांतच केनेडी, विल्की, सोबरलॅक आणि त्यांचे जुने साथीदार वाचलेल्या पोरांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले. एकतीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडे कुणी असं आलं नव्हतं. काय बोलावं, काय बोलू नये, पहिली रात्र कशी असते, पाचव्या वर्षी काय होतं, हे त्यांना माहीत होतं. हे ज्ञान टीमच्या दप्तरात कुठे नव्हतं. ते चार-पाच माणसांच्या अंगात होतं, आणि त्यांनी ते स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या व्यसनांतून आणि मोडलेल्या वर्षांतून मिळवलं होतं.

म्हणून मी म्हणतो, पोरांसाठी एक माणूस हवा. कोचनं नेमलेला नको, जनरल मॅनेजरला जबाबदार असलेला नको, लीगच्या पगारावरचाही नको. गावाच्या सर्वसाधारण सभेनं नेमावा, सभेलाच अहवाल द्यावा, आणि त्याचा हॉकीशी काडीचा संबंध नसावा. बालसंरक्षणात काम केलेली एखादी निवृत्त बाई चालेल. तिला पोरांना एकटं भेटायचा हक्क हवा, बिलेट घरी जायचा हक्क हवा आणि गरज पडली तर संचालकांना न विचारता पोलिसांना फोन करायचा हक्क हवा. खासगी मालकाच्या संघात हे होणार नाही. तिथे शेवटचा शब्द शेठचा. गावाच्या संघात मात्र सभेत एक ठराव मांडून होऊ शकतं. गावाच्या मालकीचा खरा फायदा हा आहे, आणि तो वापरलाच जात नाही.

मग पैशाचा प्रश्न येतो, तो येणारच. मेजर ज्युनियरची पोरं नोकर नाहीत, ‘विद्यार्थी-खेळाडू’ आहेत, हे लीगचं म्हणणं. त्यांना हातखर्चाला थोडे डॉलर, राहणं-जेवण, आणि खेळलेल्या दर हंगामामागे एका वर्षाची कॉलेज फी, पुस्तकांसह, मिळते. ही शिष्यवृत्ती चांगली आहे, खोटं कशाला बोलू. पण तिकिटं विकली जातात, टीव्हीचे हक्क विकले जातात, पोराच्या नावाची जर्सी विकली जाते. २०१४ मध्ये माजी खेळाडूंनी किमान वेतनासाठी दावा लावला. लीगनं सांगितलं, पगार द्यायला लागलो तर लहान गावांचे संघ बुडतील. कोर्टानं संघांचे हिशेब मागवले. २०२० मध्ये तीन कोटी डॉलरवर तडजोड ठरली, आणि दरम्यान एकेका प्रांतानं कायदा बदलून या पोरांना किमान वेतनातून वगळून टाकलं. दावा चालू असताना कायदाच बदलायचा, यात एक प्रकारची सफाई आहे, हे मान्य करायला हवं.

संघ बुडतील का, हे साध्या बेरीज-गुणाकारानं पाहू. संघात २४ पोरं धरा. आठवड्याला तीस तास धरा, प्रवासाचे तास सोडून. हंगाम २८ आठवड्यांचा. सस्कॅचवानचं किमान वेतन २०२४ च्या ऑक्टोबरपासून तासाला १५ डॉलर झालं, तोच दर लावला तर वर्षाला ३ लाख २ हजार डॉलर होतात. लहान रक्कम नाही. स्विफ्ट करंटसारख्या संघाचा बरा हंगाम आणि वाईट हंगाम यांत एवढ्याचा फरक असू शकतो. पण २०२१ मध्ये, कोविडमुळे प्रेक्षक बंद झाले तेव्हा, प्रांत सरकारनं आपल्या पाचही डब्ल्यूएचएल संघांना प्रत्येकी ६ लाख डॉलर दिले होते. संघ वाचवण्यासाठी जनतेचा पैसा चालतो आणि पोरांना पगार द्यायला चालत नाही, हे मला पटवून द्या. शिवाय या लीगमध्ये मोठ्या शहरांचे, भरल्या स्टेडियमचे संघही आहेत. लीगला लहान गावांची एवढी काळजी असेल, तर मोठ्या संघांच्या उत्पन्नातला वाटा लहानांना द्यावा. लहान गावाचं नाव पुढे करून मोठ्या मालकांचा खर्च वाचवायचा, हा खेळ आता जुना झाला.

लहान संघाची दुसरी अडचण खेळातली आहे, आणि तिच्याबद्दल गावात फारसं कुणी वाईट बोलत नाही. २०१८ मध्ये ब्रॉन्कोजनी लीग जिंकली, १९९३ नंतर प्रथमच. हम्बोल्टच्या अपघाताला जेमतेम महिना झाला होता, त्यामुळे त्या जेतेपदावर अख्ख्या प्रांताचे डोळे ओले झाले. तो संघ बांधायला भविष्य गहाण पडलं होतं: हंगामाच्या मध्यात मोठी पोरं आणली, बदल्यात लहान पोरं आणि पुढच्या वर्षांचे ड्राफ्टचे हक्क दिले. पुढच्या हंगामात ६८ पैकी ११ सामने जिंकले, त्याच्या पुढच्यात १०. व्यवस्थापनाच्या नजरेतून हा रास्त सौदा. दहा-पंधरा वर्षांतून एकदा जेतेपद मिळवायचं तर लहान गावाला दुसरा मार्ग नसतो. पण या सौद्यात जे ‘दिले’ ते सतरा वर्षांचे होते. ऐन शाळेच्या वर्षात जानेवारीत फोन येतो, बॅग भरायची, नवीन गाव, नवीन बिलेट, नवीन शाळा. अठरा पूर्ण नसलेल्या पोराची अशी देवाणघेवाण त्याच्या आणि त्याच्या आईबापांच्या लेखी संमतीशिवाय होऊच नये. लीगनं नियम करायची वाट बघत बसण्याचं कारण नाही. गावाच्या मालकीचा संघ आपल्यापुरता हा नियम उद्या सकाळी करू शकतो.

असं केलं तर आपण मागे पडू, असं तिथले लोक म्हणतील. दहा वर्षांपूर्वी मीही कदाचित मान डोलावली असती. पण २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये चित्र बदललं. अमेरिकी कॉलेजांच्या एनसीएए या संस्थेनं मेजर ज्युनियर खेळलेल्या पोरांना आपले दरवाजे उघडले. १ ऑगस्ट २०२५ पासून नियम लागू झाला. त्याआधी सोळाव्या वर्षी डब्ल्यूएचएलमध्ये एक सामना खेळला की अमेरिकी कॉलेज हॉकी कायमची बंद, आणि त्या भीतीवर कित्येक पोरांचे निर्णय होत. आता अठराव्या वर्षी पोरगं उठून जाऊ शकतं. मेडिसिन हॅट संघाचा गॅव्हिन मॅकेना, या लीगचा सगळ्यात गाजलेला पोरगा, २०२५ मध्ये पेन स्टेट या अमेरिकी विद्यापीठाच्या संघात गेलाही. स्विफ्ट करंट मोठ्या कॉलेजांशी पैशात स्पर्धा करू शकणार नाही, मोठ्या शहरांशी झगमगाटात करू शकणार नाही. पंधरा वर्षांच्या पोराच्या आईला त्यांचा माणूस भेटायला येईल तेव्हा त्याच्याकडे दाखवायला दोनच गोष्टी असतील: बर्फावर भरपूर वेळ, आणि इथे तुमच्या पोराकडे बघणारं कुणीतरी आहे ज्याच्यावर कोचची सत्ता चालत नाही. पहिली गोष्ट दुसरेही लहान संघ देऊ शकतात.

पुढच्या सर्वसाधारण सभेत ताळेबंद वाचून झाला, की कुणातरी सभासदानं उभं राहून तीन प्रश्न विचारावेत. यंदा किती पोरं हंगामाच्या मध्यात इकडून तिकडे गेली आणि त्यांतल्या किती जणांना विचारलं होतं? शाळा किती जणांची पूर्ण झाली? आणि एखाद्या पोराला आज रात्री कोचबद्दल तक्रार करायची असेल, तर त्यानं नेमका कुणाचा नंबर फिरवायचा? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टीमच्याच कुणा पदाधिकाऱ्याचं नाव असेल, तर ताळेबंद मंजूर करू नये.